हेमाताई आणि एकेचाळीस नंबर

हेमाताई बसमध्ये चढल्या की मागच्या सीटवरची शाळकरी मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. पन्नाशी ओलांडलेली, बारीक चणीची, कडक इस्त्रीचा शर्ट आणि जाड तळव्यांचे बूट घातलेली एक भारतीय बाई, आणि तिच्या अंगाला गांजाचा असा वास की अख्खी बस भरून जावी. त्या शांतपणे खिडकीशी जाऊन बसत. एकदा शेजारची डच आजी उठून पुढच्या सीटवर गेली, तेव्हा मला हळूच म्हणाल्या, "रेवती, या बाईला वाटतंय मी सकाळपासून ओढतेय. मला तर संध्याकाळी चहा प्यायला तरी झोप लागत नाही."

आम्ही दोघी नायमेखनहून एकाच बसनं कामाला जायचो. गावाबाहेर शेतांच्या मधोमध आमचं काचघर होतं, दुहेरी कुंपणातलं, कॅमेरे आणि रखवालदार असलेलं. या देशात कॉफीशॉपमध्ये गांजा विकायला कित्येक वर्षांपासून कोणी अडवत नाही, पण तो पिकवणं मात्र गुन्हा. म्हणजे पुढच्या दारानं गिऱ्हाईक राजरोस येणार आणि मागच्या दारानं माल चोरून. हे बदलावं म्हणून काही शहरांपुरता सरकारनं प्रयोग काढला आणि मोजक्या लोकांना पिकवायचे परवाने दिले. आमची कंपनी त्यातली एक. मी तिथल्या प्रयोगशाळेत फुलांची रासायनिक तपासणी करायचे. हेमाताई नव्या जाती तयार करायच्या.

त्या मूळच्या धुळ्याच्या. तिथल्या कृषी महाविद्यालयातून पुढं पीएचडीसाठी इकडं आल्या, आणि मग कितीतरी वर्षं जरबेराच्या फुलांच्या नवीन जाती काढण्यात गेली. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. गॅस महागला, काचघरं तापवणं परवडेना, जरबेरावाले एकामागून एक बंद पडले. त्यांची काचघरं दुसऱ्यांनी घेतली. "काच तीच, खांब तेच," त्या म्हणायच्या, "फक्त झाड बदललं."

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एका झाडापाशी नेलं. शेंड्याकडचं एक फूल दोन बोटांत चुरडलं आणि म्हणाल्या, "डोळे मीट. काय आठवतं?"

मी म्हटलं, "लिंबू."

"ते सगळेच सांगतात. अजून."

"फरशी पुसायचं लिक्विड?"

"घाई करू नकोस. लहानपणात जा."

मी पुन्हा हुंगलं, आणि एकदम आठवलं. कैरीचा देठ मोडल्यावर जो चीक उडतो, बोटांना चिकटतो, त्याचा वास. मी तसं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "इथं कोणाला सांगून कळत नाही गं. इतके दिवस मी एकटीच जाणत होते." त्यांना असं हसताना मी नंतर फार वेळा पाहिलं नाही.

ते झाड म्हणजे एकेचाळीस नंबर. कंपनीच्या जाहिरातवाल्यांनी पुढं त्याला काहीतरी चकचकीत इंग्रजी नाव दिलं, पण हेमाताई शेवटपर्यंत एकेचाळीसच म्हणायच्या. सॅटिव्हाकडे, म्हणजे गांजाच्या उंच वाढणाऱ्या प्रकाराकडे, झुकणारी जात. उंच, किडकिडीत, फांद्यांमध्ये मोकळं अंतर, आणि पानांची बोटं इतकी लांब आणि अरुंद की पंख्याच्या हलक्या वाऱ्यानंही थरथरायची. आजूबाजूच्या जाती बुटक्या, भरगच्च, काळपट हिरव्या. त्यांच्यात ही शिडशिडी उभी. वरच्या दिव्यांना जाऊन भिडू नये म्हणून तिला सतत जाळीखाली वाकवून ठेवावं लागे. बाकीच्यांची फुलं दोन महिन्यांत तयार होत. हिला तीन महिने. फुलंही घट्ट गड्ड्यासारखी नाहीत, विरळ, भुसभुशीत. त्यामुळे बुरशी कमी लागायची, पण वजनही कमी भरायचं.

कॉफीशॉपच्या फळ्यावर लिहिलेलं असतं की सॅटिव्हानं उत्साह येतो, माणूस बोलका होतो, आणि बुटक्या इंडिकानं अंग सैल पडून झोप येते. हेमाताई त्यावर वैतागायच्या. "झाडाची उंची बघून माणसाच्या डोक्यात काय होईल ते सांगता आलं असतं तर हवं काय होतं? राळेत काय आहे ते बघावं लागतं." एकेचाळीसच्या राळेत काय आहे ते मीच तपासायचे. वासाची द्रव्यं भरपूर. नशा आणणारं टीएचसी मात्र आमच्या इतर जातींच्या निम्म्यानंसुद्धा नाही, आणि त्याच्या बरोबरीनं सीबीडी, ज्यानं त्या नशेची धार कमी होते असं काहीजण मानतात. ओढणाऱ्यांचे अभिप्राय यायचे त्यात लिहिलेलं असे: हलकं वाटलं, गप्पा रंगल्या, डोकं जागेवर राहिलं. हे शेवटचं वाक्य हेमाताई दोनदा वाचायच्या.

त्यांनी स्वतः कधी एक झुरकाही घेतला नव्हता. कामावरून आल्या की शिकेकाईनं न्हायच्या, तरी वास जाईना म्हणून लांबसडक केस मानेपर्यंत कापून टाकले होते. कामाचा कोट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बाल्कनीत ठेवायच्या. मराठी मंडळाच्या गणपतीला येताना नवी साडी नेसून, अत्तर लावून येत, आणि कोणी विचारलं तर सांगत, "काचघरात असते. टोमॅटो." एका वर्षी आयटीतल्या एका हौशी बाईंनी टोमॅटोची रोपं मागितली. आता आली का पंचाईत! हेमाताईंनी घरी खिडकीत बी पेरलं, रोपं वाढवली, आणि वसंतात त्या बाईंच्या दारात नेऊन दिली. मग ते दरवर्षीचंच झालं. नायमेखनच्या निम्म्या मराठी बाल्कन्यांत त्यांचे टोमॅटो होते. मी म्हटलं, "ताई, सरळ सांगून टाका ना. इथं काय बेकायदा आहे?" त्या म्हणाल्या, "यांच्यातल्या एकीचं माहेर धुळ्याला आहे. बातमी घरी जायला एक फोन पुरे."

शनिवारी दुपारी त्या कॉफीशॉपसमोरच्या बाकावर जाऊन बसायच्या. आत कधी गेल्या नाहीत. पोळीची गुंडाळी खात, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत. मी एकदा सोबत गेले. मला त्यात बघण्यासारखं काहीच दिसेना. कोणी कोणता माल घेतला ते बाहेरून काय कळणार?

तेवढ्यात दारातून एक मुलगी बाहेर आली, विशीतली, विद्यार्थिनी असावी. चार पावलं चालली आणि पायरीवर बसली. चेहरा पांढरा पडलेला, छाती भात्यासारखी हलत होती, हात गळ्याशी. बरोबरच्या मैत्रिणी घाबरून हसत होत्या. हेमाताई रस्ता ओलांडून गेल्या, खाली फरशीवरच बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि आपल्या ओबडधोबड डचमध्ये बोलायला लागल्या. "रुस्तिख, मुली, रुस्तिख." म्हणजे शांत हो. "हृदय धावतंय ना? धावू दे. थांबेल ते. तू मरत नाहीयेस. माझ्याकडे बघ. तुझं गाव कोणतं?"

"मास्ट्रिख्ट," ती कशीबशी म्हणाली.

"आई काय करते?"

असं करत करत तिला बोलतं ठेवलं, पाणी पाजलं. मुलीच्या गालांवर रंग परत आला तेव्हा तिनं विचारलं, "तुम्ही नर्स आहात का?" हेमाताईंनी नुसतं नाही म्हटलं आणि तिनं काय ओढलं ते विचारलं. तिनं नाव सांगितलं. ती आमचीच जात होती, पण एकेचाळीस नव्हे. सगळ्यात कडक, सगळ्यात जास्त खपणारी.

बाकावर परत आल्यावर हेमाताईंनी उरलेली पोळी कागदात बांधली. मग समोर बघतच म्हणाल्या, "सुधीरला असं धरून बसायला कोणी नव्हतं."

सुधीर त्यांचा मोठा भाऊ. मला तोवर ठाऊकच नव्हतं की त्यांना भाऊ आहे. हुशार, कबड्डी खेळणारा, इंजिनिअरिंगला गेलेला. हॉस्टेलवर गांजा ओढायला लागला. दुसऱ्या वर्षी त्याला भिंतीतून आवाज ऐकू यायला लागले. आई जेवणात विष घालते असं म्हणायला लागला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला. आणि वडील, ज्यांना त्या अण्णा म्हणत, ते दारूबंदी खात्यात अधिकारी. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत कपाशीत लपवून लावलेला गांजा उपटून जाळणं हेच त्यांचं काम. गावोगाव त्यांचा दरारा होता. त्यांच्याच घरात हे निघालं. त्यांनी सुधीरला पट्ट्यानं मारलं. आधी नशा केली म्हणून, आणि नंतर, वेडा झाला हे मान्य होईना म्हणून.

"गांजानंच झालं का ते?" मी विचारलं.

"अण्णांना विचार, ते हो म्हणतील. मला विचारशील तर मी इतकी वर्षं शोधतेय. कदाचित होणारच होतं आणि यानं लवकर आणलं. कदाचित कधीच झालं नसतं." त्यांनी कॉफीशॉपच्या दाराकडे पाहिलं. "पोरं ओढायची थांबत नाहीत, रेवती. माझ्या बापानं डोंगरच्या डोंगर जाळले, थांबली नाहीत. मग निदान हातात पडेल ते तरी कमी घातक असावं. एवढंच माझ्या हातात आहे."

त्या वर्षी शरद ऋतूत अण्णा इकडं आले. ऐंशीच्या घरातले, ताठ. आई केव्हाच गेल्यामुळे सुधीरजवळ चुलतभावाला ठेवून, आयुष्यात पहिल्यांदाच परदेशी आले होते. हेमाताईंनी रजा घेतली, घर धुऊन काढलं, कामाचा कोट माझ्या घरी ठेवला. विमानतळावरून त्यांना आणायला मी माझी जुनी गाडी घेऊन गेले होते. ते बाहेर आले, हेमाताई पाया पडायला वाकल्या. अण्णांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. मग तो हात स्वतःच्या नाकापाशी नेला.

"हेमा, हा वास कुठला?"

हेमाताई वाकलेल्याच होत्या. सरळ होऊन म्हणाल्या, "घरी जाऊन सांगते."

"मला वास ओळखायला घरी जावं लागत नाही."

तिथंच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, हेमाताईंनी सांगून टाकलं. गाडी निघाली. बाहेर सगळीकडे सपाट ओली कुरणं आणि वर करडं आभाळ. मी आरशातून मागं पाहिलं तर दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते.

दोन दिवसांनी ताईंचा फोन आला, अण्णांना जागा बघायची आहे. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, हे त्यांना सांगूनही ते ऐकेनात. मी दोघांना घेऊन गेले. कुंपणाच्या बाहेर, वाऱ्यात, मफलर गुंडाळून अण्णा उभे राहिले. काचेतून पिवळा प्रकाश दिसत होता. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"हे सगळं तेच?"

"हो, अण्णा."

"मी आयुष्यभर जाळली त्याहून जास्त झाडं असतील."

एक रखवालदार कुत्रा घेऊन कुंपणाच्या आतून चालत गेला. आम्हाला बघून त्यानं हात केला. अण्णा म्हणाले, "आमच्याकडे शिपाई झाड उपटायला यायचे. इथं राखायला ठेवलेत."

मग हेमाताईंनी एकेचाळीसबद्दल सांगायला सुरुवात केली. किती सौम्य आहे, डोक्यात भीती उठवत नाही, नवख्या पोरांना त्यातल्या त्यात बरी. त्या भराभर बोलत होत्या, परीक्षेत तोंडी उत्तर द्यावं तशा. अण्णांनी मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे कमी विषाचा साप पाळलास."

"माणसं साप घरात आणतातच, अण्णा. तुम्ही थांबवू शकलात?"

त्यावर अण्णांचा चेहरा जो पडला तो मला अजून दिसतो. नंतर अगदी हळू म्हणाले, "सुधीर विचारतो, हेमा काय करते. मी सांगतो, फुलं उगवते. आता काय सांगू?"

"फुलंच आहेत ती," हेमाताई म्हणाल्या आणि तोंड फिरवून रडू लागल्या. अण्णांनी हात पुढं केला, तो मध्येच थांबला, आणि परत कोटाच्या खिशात गेला.

महिनाभर राहायचं ठरवून आलेले अण्णा आठवड्यातच परत गेले. सुधीरच्या औषधांचं निमित्त सांगितलं. त्यानंतर फोनवर सुधीरची तब्येत आणि हवापाणी एवढंच बोलणं व्हायचं.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीनं एकेचाळीस बंद करायचं ठरवलं. आमचे साहेब यूस्ट, भला माणूस. त्यांनी हेमाताईंना आणि मला बोलावून घेतलं, स्वतः कॉफी आणून दिली. म्हणाले, "हेमा, झाड देखणं आहे. पण एवढ्या जागेत, एवढ्या वेळात आम्ही दुसऱ्या जातीचा जास्त माल काढतो. आणि कॉफीशॉपवाले म्हणतात, लोक परत येऊन तक्रार करतात की यानं काहीच होत नाही."

"काहीच होत नाही, हाच तर गुण आहे," हेमाताई म्हणाल्या.

यूस्टना ते विनोदासारखं वाटलं. ते हसले, आणि ताईंच्या चेहऱ्याकडे लक्ष गेल्यावर थांबले.

आमच्याकडे एक पानही नोंद केल्याशिवाय टाकता येत नाही. मोडीत काढायची झाडं वजन करून, साक्षीदारासमोर दळून, मातीत कालवून नष्ट करायची असतात. एकेचाळीसची मातृझाडं, ज्यांची कलमं घेऊन पुढची सगळी लागवड व्हायची, ती हेमाताईंनी स्वतः कापली. साक्षीदार मी होते. त्या बुंध्याशी कात्री लावत, झाड आडवं झालं की त्याला धरून हळू खाली ठेवत. दळायच्या यंत्रात घालताना सगळीकडे तो कैरीच्या चिकाचा वास पसरला, इतका की घशात उतरला.

मी म्हटलं, "ताई, एखादं कलम काचेच्या नळीत जिवंत ठेवायची परवानगी मागू या ना. पुढंमागं उपयोगी पडेल."

"कोणाच्या?" त्या म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी केलं त्यांना ते नकोय."

त्यांनी उरलेली झाडं संपवली, यंत्र धुतलं आणि सही केली.

त्यानंतर त्या कामावर यायच्या, सांगितलेल्या जाती वाढवायच्या, कमी बोलायच्या. शनिवारी बाकावर जाणं बंद झालं. मराठी मंडळात यायच्या थांबल्या. वसंतात मला दोघी-तिघींनी विचारलं, यंदा रोपं नाहीत का? मी घरी गेले तर खिडकीतल्या कुंड्या रिकाम्या. त्यांनी वांग्याचं भरीत आणि भाकरी केली होती, भाजताना वांगं जळलं होतं, आणि त्या ते तसंच खात होत्या. मी त्यांना डॉक्टरकडे, इथल्या हाउसआर्ट्सकडे, चला म्हटलं. "हाउसआर्ट्स काय देणार? झोपेची गोळी," म्हणाल्या आणि विषय संपवला.

हिवाळ्यात अण्णा गेले. झोपेतच गेले. चुलतभावाचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी काचघराच्या जेवणाच्या खोलीत होतो. त्यांनी फोन ठेवला, डबा बंद केला आणि म्हणाल्या, "त्यांनी त्या दिवशी हात पुढं केला होता. तू पाहिलंस ना?"

मी म्हटलं, "पाहिला."

"मग झालं," त्या म्हणाल्या.

दिवसकार्य करून परत आल्या त्या फक्त आवरायला. सुधीरला दुसऱ्या कोणाकडे ठेवणं शक्य नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला होता की एखाद्या संस्थेत टाकू. हेमाताईंनी तिथंच नाही सांगितलं होतं. मी विचारलं, "ताई, तुमचं सगळं आयुष्य इथं गेलं. तिथं काय कराल?" त्या भांडी कागदात गुंडाळत होत्या. "स्वयंपाक," म्हणाल्या.

दीड-दोन वर्षांनी मी भारतात गेले होते, तेव्हा धुळ्याला जाऊन आले. कॉलनीतलं बैठं घर, पत्र्याचं फाटक. हेमाताईंचे केस पुन्हा वाढले होते आणि सगळे पांढरे झाले होते. मला बघून आनंद झाला, पण त्यांचं निम्मं लक्ष आतल्या खोलीकडे. नायमेखनच्या कोणाबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीच यूस्टचा निरोप सांगितला, त्यांनी मान हलवली.

दुपारी जेवायची वेळ झाली तसा सुधीर बाहेर आला. साठीचा, थोराड, स्वच्छ दाढी केलेला, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. खाली पाटावर बसला. हेमाताईंनी त्याचं ताट वाढलं, शेवेची भाजी, भाकरी, भात. आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. मला म्हणाल्या, "तू जरा थांब हं. आमचं आधी होऊ दे."

सुधीर हात मांडीवर ठेवून ताटाकडे बघत होता. हेमाताईंनी त्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि स्वतः खाल्ला. चावून गिळला, आणि मोठ्ठा आ करून त्याला दाखवलं. तो पुढं वाकला आणि बहिणीच्या तोंडात नीट बघून घेतलं.

"भात," तो म्हणाला.

त्यांनी भाताचा घास घेतला. पुन्हा आ केला.

"पाणी."

त्या त्याच्या पेल्यातलं पाणी प्यायल्या, पेला त्याच्यापुढं ठेवला, आणि त्याच्याकडे बघत बसून राहिल्या. भिंतीवरचा पंखा फिरत होता. बऱ्याच वेळानं सुधीरनं ताट आपल्याकडे ओढलं आणि जेवायला लागला.